बातमी तिची, नाव माझं

सत्तावीस वर्षं मी एका मराठी दैनिकाचा बल्लारपूरचा वार्ताहर होतो. वार्ताहराला पगार नसतो, ओळखपत्र असतं. मानधन छापून आलेल्या मजकुराच्या सेंटीमीटरवर आणि घर जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी, पंधरा ऑगस्ट आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस ही आमची खरी सुगी. या काळात माझ्या नावानिशी ज्या बातम्या छापून आल्या, त्यातल्या बऱ्याच मुळात माझ्या नव्हत्या. बल्लारशाह स्टेशनात चहा पिता पिता एका हिजडा गुरूनं त्या मला दिल्या होत्या. (गावाचं नाव बल्लारपूर आणि स्टेशनाचं बल्लारशाह. बाहेरचा माणूस हमखास इथं चुकतो.) तिला सगळे माय म्हणायचे, मीही म्हणायचो. ती गेली त्याला आता दोन पावसाळे झाले. तिचं नाव इथं लिहीत नाही. तिच्या भावाच्या घरी लग्नाची मुलगी आहे, आणि नाव लिहायचं नाही हे तिनंच मला बजावून ठेवलं होतं.

दुसऱ्या बाईंना मी कधी भेटलेलो नाही. झोया थॉमस लोबो, मुंबईच्या. देशातल्या पहिल्या पारलिंगी छायाचित्र-पत्रकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. लोकलच्या डब्यात टाळी वाजवून मागितलेल्या पैशांतून शिल्लक टाकत त्यांनी जुना कॅमेरा घेतला आणि बातमीच्या मागं फिरायला लागल्या. या दोघींकडून मी जे शिकलो ते उशिरा शिकलो. जसं आठवलं तसं लिहून ठेवतो.

१. आकडा स्वतः मोजावा

१९९९ च्या उन्हाळ्यात मी बातमी दिली: दक्षिण एक्स्प्रेसमध्ये तृतीयपंथीयांचा धुडगूस, पाच जण ताब्यात. पोलिसांनी फोनवर सांगितलं, मी फोनवर लिहून घेतलं. घरापासून स्टेशन दहा मिनिटांवर. गेलो नाही, ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय दारात उभी, हातात कात्रण. शेजारीपाजारी ओट्यावर येऊन उभे राहिले. आता तमाशा होणार असं मी धरून चाललो होतो. तिनं कात्रण माझ्यापुढं धरलं.

"हे तुमीच लिवलं का भाऊ?"

"हो."

"पाच कुठून आणले? आमी तिघी होतो. दोघं तर आंब्याच्या टोपल्यावाले. त्यायले बी आमच्यासंगं धरलं, अन् तुमी त्यायले किन्नर करून टाकलं. त्याच्या बायकोनं पेपर वाचला तं?"

'धुडगूस' या शब्दाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. तिची तक्रार फक्त आकड्याची होती आणि ती शंभर टक्के बरोबर होती. रेल्वे कायद्याचं कलम १४४ फेरीवाल्याला आणि मागणाऱ्याला एकाच दोरीनं बांधतं. दोघांवर गुन्हा एकच, त्यामुळं पोलिसांच्या वहीत पाच जण एकाखाली एक लागले होते. मी वही बघितली नव्हती, माणसं तर नव्हतीच बघितली.

पुढं कधीतरी वाचलं की १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक आख्खा भाग हिजड्यांसाठी होता. त्यांची नोंदवही ठेवायची, बायकांचे कपडे घालून चारचौघांत नाचले तर धरायचं. तो कायदा केव्हाच गेला. पण हिजड्यांची बातमी म्हणजे पोलिस ठाण्याला फोन, ही आमच्या धंद्याची सवय त्या वहीतूनच आली असावी असं मला वाटतं. शिक्षकांची बातमी घ्यायला मी कधी ठाण्याला फोन केला नाही.

२. क्रियापद ऐकावं, पण वर्तमानकाळातलं नाही

इंग्रजीत लिहिणाऱ्याला सर्वनाम अडतं. आपल्याला क्रियापदच अडतं. आला, आली, आलं, यातलं एक निवडल्याशिवाय मराठीत बातमीचं पहिलं वाक्यही पुरं होत नाही. बरीच वर्षं मी 'तृतीयपंथीयांनी' अशी अनेकवचनी पळवाट काढली. अनेकवचनात सगळं लपतं.

मग नियम केला: माणूस स्वतःबद्दल जे क्रियापद वापरतं तेच मी वापरायचं. नियम चांगला होता, पण पुणेरी मराठीसाठी. आमच्याकडं बाया 'मी येतो', 'मी करतो' म्हणतात. माझी आई जन्मभर 'मी जातो मंदिरात' म्हणाली आणि तिच्या बाईपणाबद्दल कुणाला कधी शंका आली नाही.

२०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा मी मायची प्रतिक्रिया पाठवली. तिचं वाक्य होतं तसंच ठेवलं: "मी तीस वर्षांपासून याच स्टेशनात बसतो." पुढं लिहिलं, 'असे त्या म्हणाल्या'. छापून आलं, 'असे तो म्हणाला'. डेस्कला फोन केला. उपसंपादक नवा, पश्चिम महाराष्ट्रातला, स्वभावानं सज्जन.

"अहो, पण बाई 'बसतो' कशी म्हणेल?"

"माझ्या आईला फोन देऊ का?" मी विचारलं.

गंमत बघा, निकाल काय होता? न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांनी १५ एप्रिल २०१४ ला हेच सांगितलं होतं की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ती बातमी पहिल्या पानावर. आणि आतल्या पानावर आमच्या डेस्कनं एका बाईचं बाईपण एका प्रत्ययासाठी काढून घेतलेलं.

मायनं ती बातमी वाचली, हसली आणि मला खरा धडा दिला. "काहून आजचं ऐकता भाऊ? कालचं ऐकत जा ना." खरंच आहे. वर्तमानकाळात आमच्या भागात बाई आणि गडी एकाच क्रियापदात राहतात. भूतकाळ आला की वेगळे होतात. बाई 'मी गेली' म्हणते, गडी 'मी गेलो'. माय 'मी गेली'च म्हणायची, पहिल्या दिवसापासून. माझेच कान बंद होते. आता मी अनोळखी माणसाला आधी एवढंच विचारतो, काल काय केलं? उत्तरात सगळं येतं. आणि नाही आलं तर सरळ विचारतो, काय लिहू?

शब्दाचंही तसंच. तृतीयपंथी, किन्नर, हिजडा, पारलिंगी, ज्याला जो आपला वाटेल तो. माय म्हणायची, "आमी आपसात हिजडा म्हणतो, ते आमची रीत हाये. तुमी पेपरात लिवता तवा त्याची शिवी होते." तिच्या धाकट्या चेलीला किन्नर हा शब्द पटत नाही, ती स्वतःला पारलिंगी म्हणते. एकाच घरातल्या दोघींसाठी मी दोन शब्द वापरले आहेत. डेस्कनं विचारलं तर सांगतो, एकाच घरात एक भाऊ 'साहेब' आणि दुसरा 'बुवा' असतोच की.

३. ऑपरेशनचं विचारू नये

मी विचारलं होतं. पहिल्याच मुलाखतीत, तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला.

"तुमच्या बायकोचं झालं का ऑपरेशन?" तिनं उलट विचारलं. आमच्याकडं बाईचं ऑपरेशन म्हणजे कुटुंबनियोजनाचं. मी गप्प.

"पाहा, तुमाले कसं वाटलं. मले बी तसंच वाटते."

यावर आणखी लिहायला काही नाही.

४. चांगल्या बातमीतही त्यांची ओळख लिहावी

२००८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. बिहारकडून सिकंदराबादला जाणारी गाडी उभी होती. मायला एका डब्यात नऊ पोरं दिसली, बरोबर एकच माणूस. नऊही जणांच्या पायात नव्या कोऱ्या निळ्या चपला, सगळ्या एकाच मापाच्या. सगळ्यात लहान पोराची चप्पल चालताना पायातून निघत होती. घरच्या माणसानं घेतली असती तर मापाची घेतली असती, असं तिचं म्हणणं.

तिनं ड्युटीवरच्या शिपायाला सांगितलं, त्यानं झटकून टाकलं. ती पीसीओवर गेली, रुपयाचं नाणं टाकलं आणि मला फोन केला. मी पोलिसांच्या साहेबांना फोन केला. गाडी सुटायच्या आत पोरं खाली उतरवली. हैदराबादला बांगड्यांच्या कारखान्यात कामाला चालली होती.

तीन कॉलमी बातमी, माझ्या नावानिशी. मथळा: 'दक्ष प्रवाशाच्या सतर्कतेमुळे नऊ बालकांची सुटका'. हा मथळा डेस्कचा नव्हता, माझा होता. माय प्रवासी नव्हती. ती त्या गाडीत कलम १४४ मोडत होती, म्हणून तर तिला पोरं दिसली. पण किन्नरानं सोडवली असं लिहिलं तर वाचक काय म्हणेल, पोलिस काय म्हणतील, या विचारानं मी तिला दक्ष प्रवासी करून टाकलं. वाईट बातमीत ती तृतीयपंथी आणि चांगल्या बातमीत दक्ष नागरिक. हा हिशेब मी वर्षानुवर्षं चालवला आणि मला त्यात काही खटकलं नाही, हे आज लिहायलाही जड जातं.

त्या बातमीला पुरस्कार मिळाला. शाल, श्रीफळ आणि एक स्मृतिचिन्ह. शाल मी मायला नेऊन दिली. मे महिना होता, चंद्रपूरचा मे. ती म्हणाली, "थंडीत देल्ली असती तं कामी आली असती."

५. बातमी लिहिणारा कुठं उभा आहे ते बघावं

१४ एप्रिल २०२०. आंबेडकर जयंती. नागपूरनंतर बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात येऊन दीक्षा दिली, तेव्हापासून आमच्याकडं जयंती म्हणजे रात्रभर जागर, निळे झेंडे, रस्तोरस्ती अन्नदान. त्या वर्षी टाळेबंदी होती. लोकांनी घरातल्या घरात मेणबत्त्या लावल्या. सकाळी पंतप्रधानांनी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवल्याचं सांगितलं, आणि दुपारी टीव्हीवर वांद्रे स्टेशन दिसलं. हजारो परप्रांतीय मजूर, गावाला जायला गाडी मागणारे, आणि पोलिसांच्या काठ्या.

झोया लोबो तिथं कॅमेरा घेऊन होत्या. त्यांनी टिपलेली छायाचित्रं छापून आली आणि त्यांचं नाव देशाला कळलं. हा प्रवास सरळ नव्हता. शाळा लवकर सुटली. मग गुरू, मग लोकलचे डबे. हिजड्यांवरच्या एका लघुपटात त्यांनी काम केलं, त्यातून एका छोट्या वृत्तमाध्यमानं त्यांना बातमीदारी देऊ केली, ओळखपत्र हातात आलं. कॅमेरा नंतरचा.

मला त्या छायाचित्रांपेक्षा एक वेगळीच गोष्ट सुचली आणि ती डोक्यातून जात नाही. त्या दिवशी वांद्र्यात जमलेल्या गर्दीचं गाऱ्हाणं काय होतं? गाडी बंद आहे. झोया लोबोंचं पोट कशावर चालत होतं? गाडीवर. लोकल बंद पडून तीन आठवडे झाले होते. गर्दीतल्या माणसाची आणि त्यांची अडचण एकच होती. बाकीचे छायाचित्रकार मजुरांकडं बघत होते. त्यांना मजुरांचं गाऱ्हाणं बघावं लागलं नसणार, ते त्यांच्या घरातच होतं.

आता माझं सांगतो. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये गडचिरोली आणि चंद्रपूरच्या खेड्यांतून माणसं तेलंगणात खम्मम, वारंगलकडं मिरची तोडायला जातात, पोराबाळांसकट. त्या एप्रिलमध्ये ती सगळी पायी परत येत होती. नाके टाळत, जंगलवाटेनं, नद्या ओलांडत. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी अशीच मिरचीच्या शेतातून तीन दिवस चालत निघाली आणि १८ एप्रिलला घरापासून काही अंतरावर वारली. ही बातमी तुम्ही वाचली असेल. मी लिहिलेली नव्हती.

मायनं मला फोन केला होता. तिची एक चेली तेलंगणात सिरपूरकडं अडकली होती, तिच्याकडून कळलेलं. "भाऊ, पोडसाच्या पुलाकडून लोक येऊन राहिले. लहान लहान लेकरं हाये संगं. जाऊन पाहा ना." पोडसा गोंडपिपरी तालुक्यात, माझ्या घरापासून गाडीनं फार तर दीड तास. माझ्याकडं पत्रकाराचा पास होता. रक्तदाबही होता, वय होतं, बायकोची शपथ होती. मी प्रशासनाच्या प्रेसनोटवरून बातमी केली: इतके मजूर दाखल, इतके विलगीकरणात. त्या दिवसांचा माझ्याकडं एकही फोटो नाही. मुंबईत एक बाई उपाशीपोटी कॅमेरा घेऊन स्टेशनात उभी होती, आणि स्टेशनाच्या गावात राहणारा मी घरात बसून बेरीज करत होतो.

६. 'पहिली'नं पोट भरत नाही

'पहिली' ही आम्हा पत्रकारांची लाडकी बातमी. पद्मिनी प्रकाश, कोइम्बतूरच्या लोटस वाहिनीवर १५ ऑगस्ट २०१४ ला बातम्या वाचणाऱ्या पहिल्या पारलिंगी निवेदिका. झोया लोबो, पहिल्या छायाचित्र-पत्रकार. फोटो, मुलाखत, सत्कार. मग? वांद्र्याच्या छायाचित्रांनंतर झोया लोबोंवर देशोदेशीच्या माध्यमांनी लिहिलं, आणि त्याच लेखांत हेही होतं की कायमची नोकरी नसल्यामुळं त्यांना पुन्हा लोकलमध्ये मागावं लागतं. ज्या धंद्यानं त्यांच्यावर इतके लेख लिहिले, त्या धंद्यात त्यांना महिन्याच्या पगाराची एक खुर्ची सापडेना. लेख लिहिणाऱ्यांना मात्र त्या लेखाचे पैसे मिळाले असतील.

मला २०२२ ची एक साधी बातमी जास्त मोलाची वाटते. आमच्या शेजारी, बस्तरमध्ये, 'बस्तर फायटर्स' या पोलिस दलात नऊ तृतीयपंथी भरती झाले. नऊ. यातला पहिला कोण हे विचारायची सोयच नाही. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं महाराष्ट्राच्या पोलिस भरतीच्या अर्जातही त्यांच्यासाठी जागा करायला लावली. गडचिरोलीत पहाटे रस्त्यानं जाऊन बघा, भरतीसाठी धावणारी पोरंपोरी किलोमीटरभर दिसतात. त्यात कुणी पारलिंगी धावत असेल तर आमच्या तालुका प्रतिनिधीनं कृपा करून फोटो काढू नये. धावू द्यावं.

७. कागदाला बातमी समजावं

मी वार्ताहर म्हणून दारूबंदीवर जितकं लिहिलं तितकं कशावरच नाही. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपुरात २०१५ ते २०२१. रोज एक 'लाखोंचा मुद्देमाल जप्त'. त्यात मागं पडलेली एक बातमी सांगतो.

२०२१ च्या मे महिन्यात केंद्रानं तृतीयपंथी व्यक्तींना करोनामुळं १,५०० रुपये जाहीर केले. पैसे बँक खात्यात येणार होते. मायच्या घरी सात जणी, खाती तिघींची. त्यातलं एक खातं गावच्या नावाचं, बापानं ठेवलेल्या नावाचं, आणि त्यावरचा फोटो मिशी असलेला. बँकेत ती खिडकीशी गेली की आधी हसू, मग ओळख पटवणं. रेशन कार्डावर तर कुणाचंच नाव नव्हतं. कार्ड कुटुंबाला मिळतं, आणि गुरू-चेल्यांचं घर कुटुंबात बसत नव्हतं.

तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ओळखपत्र द्यायचं ठरलं. अर्ज ऑनलाइन. मी एका चेलीचा अर्ज भरायला बसलो. स्वतःला लिहिता-वाचता येणारा समजणारा माणूस मी, मला तीन दिवस लागले. फोटोचा आकार चुकला, प्रतिज्ञापत्र उलटं चढलं, ओटीपी ज्या नंबरवर जायचा तो नंबर तिच्या भावाकडं. बल्लारपूरला निदान रेंज आहे. सिरोंच्यातून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून लांब, पावसाळ्यात नाले भरले की तेही नाही. तिथल्या कुणाला कार्यालयातून सांगितलं की 'एकदा येऊन जा', तर त्या तीन शब्दांत दोन दिवस आणि मुक्काम जातो.

२०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून तिसऱ्या रकान्यात देशभर ४,८७,८०३ माणसं मोजली गेली, महाराष्ट्रात ४०,८९१. हा आकडा वाचला की मला माय आठवते. तिच्या घरी गणना करणारे आले तेव्हा तिनं सगळ्यांना 'पुरुष' लिहायला लावलं होतं. का, तर नाव कुठल्या यादीत गेलं की पोलिस येतात. १८७१ ची वही तिनं वाचली नव्हती.

८. रंगमंचावरच्या टाळ्या मोजू नयेत

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. वडसा हे त्याचं गाव; जिथं शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, तिथं नाटक. त्याही आधीची खडी गंमत, तिच्यातला लुगडं नेसलेला नाच्या बघायला पंचक्रोशी लोटायची. मी एकदा लेख लिहिला की आमची माणसं मुळातच उदार. मायनं तो वाचायला लावला, ऐकला आणि म्हणाली, "नाच्या सकाळी धोतर नेसून घरी जाते ना भाऊ. मी सकाळी कुठं जाऊ?" तो लेख मी माझ्या संग्रहातून काढून टाकला.

९. धंद्यातले पूर्वज आठवावेत

मराठी पत्रकाराला या विषयावर लिहायची लाज वाटायचं कारण नाही. १९२७ मध्ये र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना उघड उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये खटला झाला तेव्हा त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, दंड भरला, अंक निघत राहिला. ज्या गावात जयंतीला रात्रभर गाणी लागतात तिथं ही गोष्ट मी एकदाही भाषणात ऐकलेली नाही.

आणखी एक. २०१२ मध्ये 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन आलं. शब्दांकन वैशाली रोडे यांचं. मी ते एका रात्रीत वाचलं. आज दिशा पिंकी शेख आपल्या कविता आपल्या हातानं लिहितात, झोया लोबो आपल्या डोळ्यानं फोटो काढतात. म्हणजे मध्ये आमच्यासारखा लेखनिक लागत नाही. सुरुवातीला मला हे थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.

१०. निधनवार्ता वेळेत लिहावी

माय गेली २०२३ च्या जुलैत. शेवटच्या दिवशी एका दवाखान्यात तिला पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या, यात सकाळ गेली. दुपारी तो प्रश्न उरला नाही.

मी रात्री बसून चाळीस ओळी लिहिल्या. निळ्या चपलांची बातमी कुणाची, मालगाडीतून होणारी कोळसाचोरी मला आधी कुणी दाखवली, प्लॅटफॉर्मवर सापडलेला मुका म्हातारा अदिलाबादचा आहे हे कुणी ओळखलं, सगळं सालवार. पंधरा वर्षं उशिरानं तिच्या बातम्या तिच्या नावावर करायच्या होत्या. तिनं जिवंतपणी वाचायला हवं होतं, तेव्हा मी लिहिलं नाही. छापून आल्या सहा ओळी, निधनवार्तेत, एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या खाली. पण त्या सहा ओळींत 'त्यांच्या पश्चात मोठा शिष्य परिवार आहे' असं होतं, आणि क्रियापदं सगळी बरोबर होती. तो सज्जन उपसंपादक अजून तिथंच आहे.

गेल्या वर्षी मी काम सोडलं. स्टेशनातल्या बातम्या आता मायची धाकटी चेली पाठवते. दहावी झालेली, मोबाइलवर माझ्यापेक्षा वेगानं टाइप करते. तिची पहिली बातमी किन्नरांवर नव्हती. गोंदिया पॅसेंजर जिथं लागते त्या प्लॅटफॉर्मवरचे नळ एप्रिलभर कोरडे आहेत, अशी होती. तिनं किती नळ आहेत ते मोजले होते, आणि त्यातले किती चालू आहेत तेही. बातमी तिच्या नावानिशी आली, तिनं सांगितलं त्याच नावानं. चौथ्या दिवशी पाणी आलं. मानधन अजून आलेलं नाही. मला पहिलं यायला अकरा महिने लागले होते, तसं तिला सांगून ठेवलं आहे.